खिडकी मागे असतानाही चालणारा शॉर्टकट : कीबोर्ड हुक मध्येच का थांबतो?

प्रश्न

नमस्कार. जुन्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा एक छोटा विंडोज प्रोग्रॅम मी सी-शार्प भाषेत आणि डब्ल्यूपीएफ (खिडक्या बनवण्याचा मायक्रोसॉफ्टचा संच) वापरून लिहीत आहे. मुद्रितशोधकाने कोणत्याही प्रोग्रॅममध्ये मजकूर निवडावा, कंट्रोल+शिफ्ट+यू दाबावे आणि त्याच जागी बदललेला मजकूर यावा, अशी अपेक्षा आहे. कीडाउन इव्हेंट आपली खिडकी समोर असतानाच मिळतो, म्हणून मी सेट-विंडोज-हुक-एक्स वापरून लो-लेव्हल कीबोर्ड हुक (दाबलेली प्रत्येक कळ इतर प्रोग्रॅमच्या आधी पाहणारी सोय) लावला. सुरुवातीला तो नीट चालतो. परंतु एखादा मोठा मजकूर बदलल्यानंतर केव्हातरी शॉर्टकटला प्रतिसादच मिळेनासा होतो. कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की सारे पूर्ववत होते. रूपांतर हुकच्या कॉलबॅकमध्येच, म्हणजे प्रत्येक कळेला विंडोज बोलावते त्या फंक्शनमध्येच, होते. त्या फंक्शनचा संदर्भ (डेलिगेट) स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवला आहे, त्यामुळे वापरात नसलेली स्मृती मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरने तो काढून टाकल्याची शक्यता मी वगळली आहे. याचे कारण काय असावे?

उत्तर १

कारण तुमच्या वर्णनातच आहे : रूपांतर कॉलबॅकमध्ये होते. लो-लेव्हल हुक लावला की प्रत्येक कळ आधी तुमच्या थ्रेडकडे (प्रोग्रॅममधील कामाच्या एका धाग्याकडे) येते आणि तुम्ही परत देईपर्यंत पुढे जात नाही. म्हणून विंडोजने त्याला कालमर्यादा घातली आहे. ती रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातील) लो-लेव्हल-हुक्स-टाइमआउट या नोंदीने ठरते आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती १००० मिलिसेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मर्यादा ओलांडली गेल्यास विंडोज ७ पासून पुढे हुक गुपचूप काढून टाकला जाऊ शकतो, आणि तो काढला गेला आहे हे प्रोग्रॅमला कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

तरीही केवळ काम दुसऱ्या थ्रेडवर नेऊन हुक चालू ठेवावा असे मी सुचवणार नाही. एका शॉर्टकटसाठी वापरकर्त्याची प्रत्येक कळ, त्याच्या पासवर्डांसह, आपल्या प्रोग्रॅममधून जाऊ देणे योग्य नाही. या कामासाठी रजिस्टर-हॉटकी हे फंक्शन आहे. ऑन-सोर्स-इनिशिअलाइझ्डमध्ये खिडकीचे हँडल (विंडोजने तिला दिलेला ओळखक्रमांक) मिळाल्यावर ते बोलवा, एचविंड-सोर्सच्या ॲड-हुकमध्ये डब्ल्यूएम-हॉटकी हा संदेश ओळखा आणि बंद होताना अनरजिस्टर-हॉटकी विसरू नका. मॉड-नोरिपीट जोडल्यास कळ दाबून धरली तरी संदेश पुन्हा पुन्हा येणार नाही. हा कळांचा जोड दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच घेतलेला असेल तर १४०९ ही त्रुटी मिळते. ती गिळून न टाकता वापरकर्त्याला दुसरा जोड निवडू द्या.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. रजिस्टर-हॉटकीने शॉर्टकट आता न थांबता चालतो. मात्र निवडलेला मजकूर घेण्यासाठी मी सेंड-इनपुटने कंट्रोल+सी पाठवतो, तेव्हा ब्राउझरमध्ये मजकूर कॉपी होण्याऐवजी डेव्हलपर साधने उघडतात.

उत्तर २

तुमचा संदेश येतो त्या क्षणी वापरकर्त्याची बोटे अजून कंट्रोल आणि शिफ्टवरच असतात. त्यामुळे तुम्ही पाठवलेले कंट्रोल+सी समोरच्या प्रोग्रॅमला कंट्रोल+शिफ्ट+सी म्हणून पोहोचते, आणि क्रोममध्ये तो जोड नेमका डेव्हलपर साधनांचा आहे. गेट-असिंक-की-स्टेटने सर्व कळा सुटल्याची खात्री करून मगच कॉपी पाठवा. ही वाट पाहताना यूआय थ्रेड (खिडकी हाताळणारा थ्रेड) अडवू नका, लहान टायमर वापरा. शिवाय समोरचा प्रोग्रॅम प्रशासक म्हणून चालू असेल आणि तुमचा नसेल, तर सेंड-इनपुट अडवले जाते आणि परत आलेल्या मूल्यावरून त्याचे कारण कळत नाही. अशा वेळी क्लिपबोर्डमध्ये आधीचाच मजकूर असतो. तोच बदलून पुन्हा चिकटवला जाऊ नये, यासाठी क्लिपबोर्डचा क्रमांक (त्यातील मजकूर बदलला की वाढणारा) बदलला की नाही हे तपासा.

पर्यायी जोड देताना कंट्रोल+ऑल्ट टाळा. विंडोज उजव्या ऑल्टला अनेक कीबोर्ड मांडणींत कंट्रोल+ऑल्ट समजते. इंग्रजी (भारत) मांडणीत ₹ हे चिन्ह उजवा ऑल्ट आणि ४ यांनी उमटते. तुम्ही कंट्रोल+ऑल्ट+४ घेतलात तर हिशेब लिहिणाऱ्याला ते चिन्ह टंकताच येणार नाही.

उत्तर ३

पुढे लिनक्सची आवृत्ती काढणार असाल तर जोडाचा विचार आताच करा, कारण तेथे जीटीके (खिडक्या बनवण्याचा संच) आणि आयबस (टंकलेखनाची प्रणाली) यांमध्ये कंट्रोल+शिफ्ट+यू युनिकोड संकेतांक टंकण्यासाठी वापरला जातो. खिडक्या दाखवणाऱ्या एक्स११ या जुन्या प्रणालीवर रूट खिडकीवर (सर्वांत मागच्या खिडकीवर) एक्स-ग्रॅब-की हे फंक्शन चालते, पण नमलॉक आणि कॅप्सलॉक हेही शिफ्टसारखे मॉडिफायर मानले जात असल्याने त्यांच्या प्रत्येक स्थितीसाठी कळ वेगळी पकडावी लागते. वेलँड या नव्या प्रणालीवर कोणत्याही प्रोग्रॅमला इतरांच्या कळा दिसत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. तेथे एक्सडीजी डेस्कटॉप पोर्टल या, प्रोग्रॅम आणि डेस्कटॉप यांच्यातील मध्यस्थाच्या ग्लोबल शॉर्टकट्समार्फत विनंती करावी लागते. लिनक्सच्या डेस्कटॉपांपैकी केडीई प्लाझ्मा ५.२७ (२०२३) आणि ग्नोम ४८ (२०२५) पासून ही सोय आहे. प्रोग्रॅमने जोड फक्त सुचवायचा असतो. तो मान्य करणे किंवा बदलणे वापरकर्त्याच्या हाती राहते, म्हणून तुमच्या मदतपानावर कळांची नावे कायमची छापू नका.