मदत हवी आहे: 'डोक्यावरून पाणी गेलं' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

घाईत_आहे: आज रात्री फाइल द्यायची आहे. 'बास! आता डोक्यावरून पाणी गेलं' याला चपखल इंग्रजी वाक्प्रचार सुचवा. 'आय अ‍ॅम बोअर्ड' नको. भाषांतराचं अ‍ॅप पाण्याचंच भाषांतर करून देतंय. लवकर.

शब्दखुळा: कसली फाइल? कोण कुणाला म्हणतंय? ब्रिटिश हवं की अमेरिकन? तोवर हे घ्या: 'अ‍ॅट द एंड ऑफ माय टेदर'. टेदर म्हणजे दावं. जनावर दाव्याच्या टोकाला पोचलं की पुढचं गवत तोंडाला लागत नाही, तसं. अमेरिकेत टेदरच्या जागी 'रोप'.

घाईत_आहे: कोण म्हणतंय त्याने काय फरक पडतो? वाक्य तेच आहे ना!

पेठकर: पडतो. टेदरवाला माणूस थकलेला असतो, तुमच्या वाक्यातला भांडायला उठलाय. 'अ‍ॅट माय विट्स एंड' आणखी वेगळं: काही सुचेनासं झालंय, राग असेलच असं नाही. 'लास्ट स्ट्रॉ' घटनेला लागतं, माणसाला नाही. उंटाच्या पाठीवर पडलेली शेवटची काडी ती. 'धिस इज द लास्ट स्ट्रॉ' बरोबर, 'आय अ‍ॅम अ‍ॅट द लास्ट स्ट्रॉ' चूक.

करवंद: साधं 'फेड अप' का नको? फक्त पुढे 'विथ' लावा. 'फेड अप ऑफ' ब्रिटनमध्ये बोलताना सर्रास ऐकू येतं, पण लेखी परीक्षेत जोखीम नको. घोळ होतो तो 'सिक ऑफ', 'टायर्ड ऑफ'मुळे, तिथे 'ऑफ'च लागतं. क्रियापद आलं तर 'फेड अप विथ वेटिंग', 'टू वेट' नाही. आयेल्ट्सच्या (इंग्रजीच्या परीक्षेच्या) स्पीकिंगमध्ये तर

शब्दखुळा: आयेल्ट्सचं कुणी विचारलंय?

मायमराठी: मुळात हे 'डोक्यावरून पाणी' मला हिंदीचं उष्टं वाटतं. मराठीत डोक्यावरून गेलं म्हणजे कळलं नाही. 'गळ्याशी आलं' म्हणा.

पेठकर: गळ्याशी येणं म्हणजे अडचण अंगावर येणं, सहनशक्ती संपणं नव्हे. आणि संवाद बोलून झालेला दिसतोय, आता मराठी बदलून उपयोग काय?

घाईत_आहे: लघुपटाची इंग्रजी सबटायटल्स आहेत. साताऱ्याची साठीतली बाई बिल्डरच्या माणसाला फोनवर म्हणते. वाक्य दीड सेकंद.

शब्दखुळा: अहो, हे आधी सांगायचं! प्रेक्षकाला वाचायला सेकंदाला 17 इंग्रजी अक्षरं धरली तर दीड सेकंदात 25. रिकाम्या जागा, अपॉस्ट्रॉफी, पूर्णविराम सगळे मोजायचे. टेदरचं वाक्य 28, बाद. 'आय अ‍ॅम फेड अप टू द बॅक टीथ' हे 'आय'म' करूनही 29, तेही बाद, शिवाय फार ब्रिटिश. 'आय हॅव हॅड इट अप टू हिअर' आखडून 'आय'व्ह' केलं तर 23. हेच घ्या.

पंचम: अवांतर: दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सैनिक वैतागले की 'ब्राउन्ड ऑफ' (off) म्हणायचे. 'पिस्ड ऑफ' लिहिताना 'ऑफ' गाळू नका. ब्रिटनमध्ये नुसतं 'पिस्ड' म्हणजे प्यायलेला.

करवंद: साताऱ्याच्या बाईंच्या तोंडी हे?

पेठकर: शब्दखुळा, 'अप टू हिअर' म्हणताना हात गळ्याशी किंवा कपाळाशी नेतात, तो 'हिअर' हातच दाखवतो. बाईंचा हात कुठे आहे?

घाईत_आहे: एका हातात फोन, दुसऱ्यात पिशवी.

पेठकर: मग 'आय'व्ह हॅड इट विथ यू'. 21 अक्षरं, राग थेट समोरच्यावर, पुढे फोन आपटला तरी शोभेल. 'विथ यू' गाळू नका. नुसतं 'आय'व्ह हॅड इट' दमलेला माणूसही म्हणतो, आणि 'द कार हॅज हॅड इट' म्हणजे गाडी भंगारात गेली.

शब्दखुळा: हातवारे नसले तरी 'अप टू हिअर' चालतं. लोक फोनवर म्हणतातच की.

घाईत_आहे: 'विथ यू' टाकलं. पुढचं वाक्य: 'तुमचं हे रडगाणं रोजचंच आहे.' एक सेकंद.