जर्मनी: भारतीय लायसन्सवर किती दिवस गाडी चालवता येते? परीक्षा परत द्यायची का?

पेठेतला_पाहुणा
नमस्कार मंडळी, पुण्याहून श्टुटगार्टला येऊन, म्हणजे अनमेल्डुंग (राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी) होऊन, चार महिने झाले. आता बायको आणि लेक पण आल्यात, त्यामुळे गाडी घ्यायचा विचार आहे. पुण्यात ११ वर्षं चालवलीये, एकदाही ठोकली नाही (मला दोनदा ठोकलंय, ते वेगळं). ऑफिसात एकजण म्हणतो इंटरनॅशनल परमिट आहे ना, वर्षभर बिनधास्त चालव, दुसरा म्हणतो सहाच महिने. खरं काय? आणि माझ्याबरोबर जॉईन झालेल्या जपानी माणसाला लायसन्स नुसतं बदलून मिळालं, आपल्याला पण मिळतं का?

नेकारकाठची_मावशी
सहा महिने. इथे राहायला आल्यापासून सहा महिने, परमिटवर काहीही तारीख असू दे. ते परमिट म्हणजे तुझ्या लायसन्सचं भाषांतर समज, त्याने मुदत वाढत नाही. १२ महिन्यांच्या आत परत जाणार असशील आणि तसं दाखवता आलं तरच वाढवून मागता येते. त्यानंतर चालवलीस तर साधा दंड नाही, विनापरवाना चालवल्याचा गुन्हा होतो, आणि इन्शुरन्सवाले हात वर करतात ते निराळंच.
नुसतं बदलून मिळणाऱ्या देशांची यादी आहे, त्यात जपान आहे, भारत नाही. आपल्याला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावी लागते. बरी गोष्ट एवढीच की तुझं भारतातलं लायसन्स चालू असेल तर नवशिक्यांसारखे सक्तीचे तास नाहीत. पण परीक्षेला फारशूलची, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची, गाडी आणि शिक्षक शेजारी लागतोच, त्यामुळे फारशूल शोधायलाच लागते.
आधी डोळ्यांची टेस्ट, बायोमेट्रिक फोटो आणि फर्स्ट एडचा कोर्स उरक. कोर्स एका दिवसात होतो, ४५ मिनिटांचे ९ तास, बाहुलीची छाती दाबून दाबून माझे दंड दोन दिवस दुखत होते. मग अर्ज. अर्ज मंजूर होऊन यायला वेळ लागतो, म्हणून आजच हल.

बारामती_ते_बर्लिन
थिअरी इंग्लिशमध्ये देता येते, हिंदी नाही, मराठीचं तर नावच नको. ३० प्रश्न, १० पॉइंटपर्यंत चूक चालते पण ५-५ पॉइंटचे दोन चुकले तर बेरीज १० होऊनही नापास, मी असाच उडालो. व्हिडिओवाले प्रश्न असतात, व्हिडिओ ५ वेळा बघता येतो पण एकदा प्रश्न उघडला की मागे जाता येत नाही. ॲपवर महिनाभर रोज तासभर कर, उगाच पुण्याच्या अनुभवावर जाऊ नको. तिथे विचारतात ५०च्या स्पीडला गाडी थांबायला किती मीटर लागतात, तर रिॲक्शनचे १५ आणि ब्रेकचे २५, एकूण ४०. आपल्याकडे तेवढ्या जागेत तीन रिक्षा आणि एक टेम्पो घुसतो.

हॉर्न_ओके_प्लीज
प्रॅक्टिकलबद्दल माझं ऐका, मी १४ वर्षं चालवून पहिल्यांदा नापास झालो. कारण काय? टेम्पो ३०चा, म्हणजे ताशी ३० किमीच्या मर्यादेचा, शांत रस्ता, दोन्ही बाजूला पार्क केलेल्या गाड्या, पाटी नाही सिग्नल नाही, आणि उजवीकडून एक छोटी गल्ली येऊन मिळते. मी सरळ चाललो होतो, आपला रस्ता मोठा म्हणजे आपण आधी, हे डोक्यात पक्कं. शिक्षकाने ब्रेक दाबला तेव्हा कळलं की गल्लीतून एक म्हातारे आजोबा निवांत बाहेर येत होते आणि आधी जायचा हक्क त्यांचा होता. रेख्ट्स फोर लिंक्स, पाटी नसेल तर उजवीकडून येणारा आधी. शिक्षकाने ब्रेक दाबला की परीक्षा तिथेच संपते, परत येताना गाडीत कोणी बोललं नाही.
दुसरी गोष्ट मान. उजवीकडे वळताना आरसा बघून भागत नाही, खांद्यावरून मागे वळून बघायचं, सायकलवाला असतो. मी नुसते डोळे फिरवायचो, शिक्षक म्हणाला तुमचे डोळे परीक्षकाला दिसत नाहीत, मान दिसते. सायकलच्या बाजूने जाताना गावात दीड मीटर अंतर. आणि लाल सिग्नलशेजारच्या पाटीवर उजवीकडचा हिरवा बाण असला तरी आधी पूर्ण थांबायचं, चाक फिरता कामा नये.
पहिल्या फारशूलने मला गरज नसताना २० तास घ्यायला लावले, दुसरीकडे ६ तासांत झालं. आधी एक तास चालवून दाखव आणि मग किती लागतील ते विचार.

पेठेतला_पाहुणा
बापरे, आभार सगळ्यांचे. अजून एक, ऑटोमॅटिकवर दिली तर सोपं नाही का?

नेकारकाठची_मावशी
सोपं आहे, पण मग लायसन्सवर ७८ कोड पडतो, म्हणजे फक्त ऑटोमॅटिक. पुण्यात गिअरची चालवली असशील तर गिअरचीच दे. आणि हो, जर्मन लायसन्स हातात देताना भारतातलं काढून घेतात, तेव्हा दोन्ही बाजूंचा फोटो आधीच काढून ठेव.

पेठेतला_पाहुणा
डोळ्यांच्या टेस्टला आत्ताच चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो, पास. कोर्स शनिवारी. बाहुलीला घाबरलोय.