कन्सोलमधला ‘टॉप’ बदलायचा की नाही?

खटपट्या: काल इथेच कोणीतरी ठणकावून लिहिलं, ‘कन्सोलमध्ये फ्रेम बदलायची गरजच नाही, आयफ्रेमची कंटेंटविंडो पकडा आणि काम उरका.’ राहवलं नाही. कन्सोल म्हणजे ब्राउझरमध्ये कोडच्या ओळी चालवून पान तपासायची जागा, आयफ्रेम म्हणजे पानात बसवलेलं दुसरं पान, आणि कंटेंटविंडो म्हणजे कोडमधून त्या आतल्या पानाकडे जायचा दरवाजा. आयफ्रेम दुसऱ्या ओरिजिनची, म्हणजे वेगळ्या वेबपत्त्यावरून आलेली असेल तर त्या कंटेंटविंडोकडे डॉक्युमेंट (आतला मजकूर) मागून बघा, सिक्युरिटी एरर तोंडावर येते. मागच्या महिन्यात पेमेंटच्या पानावर पानातला घटक शोधणारा माझा क्वेरीसिलेक्टर सारखा नल, म्हणजे ‘सापडलं नाही’, देत होता. कार्ड नंबरचा रकाना डोळ्यांसमोर, आणि कन्सोल म्हणतो नाहीच! दोन तास गेले. शेवटी क्रोमच्या कन्सोलवरची ‘टॉप’ (म्हणजे मुख्य पान) लिहिलेली यादी उघडली, ती फ्रेम निवडली, तीच ओळ पुन्हा चालवली. रकाना हजर.

नाना: ते मीच लिहिलं होतं. फ्रेम बदलून परत यायला विसरलात की स्वतःचेच व्हेरिएबल ‘नॉट डिफाइन्ड’ दिसतात. आमच्या टीममधल्या नव्या पोरीची अख्खी दुपार यात गेली, शेवटी रडकुंडीला आली. टॉप सोडलं की क्रोम ती यादी लाल करतं, ते उगाच?

खटपट्या: लाल करतं ते तुम्ही बघावं म्हणून!

जुनाजाणता: फायरबगमध्ये, फायरफॉक्सच्या त्या जुन्या तपासणीच्या ॲड-ऑनमध्ये, ही कटकट नव्हती. सीडी लिहायचं, कंसात फ्रेम द्यायची, संपलं. कुठे आहोत ते आपणच टाइप केलेलं असायचं.

मीरा: फायरबग 2017 मध्ये बंद झालं, काका. फायरफॉक्सच्या टूलबॉक्समध्ये फ्रेम निवडायचं बटण आहे. कन्सोलबरोबर पानाची रचना दाखवणारा इन्स्पेक्टरही त्या फ्रेमवर जातो.

जुनाजाणता: बटण शोधत माउस फिरवायचा? हात कीबोर्डवरून का उचलायचा? चांगलं चाललेलं मोडायची खोडच लागलीय सगळ्यांना.

मीरा: दिवसातून दोनदा हात उचलला तर काय झिजतो का?

जुनाजाणता: दोनदा? सात फ्रेमचं पान तपासून बघ, मग बोल.

खटपट्या: फायरबग राहू द्या हो! नाना, आपल्याच ओरिजिनच्या फ्रेममधला ॲरे (मूल्यांची रांग) कंटेंटविंडोतून घेऊन टॉपमध्ये इन्स्टन्सऑफ ॲरे, म्हणजे ‘हा ॲरेच का’, विचारा. फॉल्स येतं, कारण प्रत्येक फ्रेमचा ॲरे कन्स्ट्रक्टर, म्हणजे ॲरे घडवणारा साचा, वेगळा. तिथे बग नसतोच, आणि आपण शोधत बसतो.

नाना: त्यासाठी ॲरे डॉट इझॲरे आहे, ट्रू देतं. दुसऱ्या ओरिजिनचं म्हणणं मान्य, तिथे यादीशिवाय गत्यंतर नाही. पण आपल्या साइटच्या फ्रेमसाठी मी यादीला हात लावणार नाही, आणि त्या पोरीलाही तेच शिकवणार.

मीरा: म्हणजे पेमेंटच्या पानावर तिचेही दोन तास जाणार.

जुनाजाणता: सीडी असतं तर कोणाचेच गेले नसते.