मुंबईच्या विजेला 'चावीवाला' हवा का?

विक्रोळीकर (धागाकर्ता):
१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम ठप्प. मी कुर्ल्याच्या अलीकडे लोकलमध्ये. पंखे थांबले आणि डब्यात शेजाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतकी शांतता. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी कारण सांगितलं ते असं: मुंबईकडे वीज आणणाऱ्या कळवा-पडघा ४०० केव्ही (किलोव्होल्ट) लाइनच्या एका सर्किटचं काम चालू होतं म्हणून भार दुसऱ्यावर होता, आणि तिथेच बिघाड झाला.

आमच्या चाळीत पाणी सोडायला पालिकेचा चावीवाला यायचा. रस्त्यातलं झाकण उघडून लांब दांड्याची चावी फिरवायचा, की या गल्लीचं बंद, त्या गल्लीचं चालू. विजेच्या ग्रिडमध्ये असं कुणी नाही. करार चंद्रपूरशी असो की गुजरातशी, वीज अडथळा कमी तिकडून जाते. जवळची लाइन तापते आणि लांबची अर्धी रिकामी पडून असते. माझं मत स्पष्ट आहे: एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची लाइन), स्टॅटकॉम, फेज शिफ्टिंग ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच चावीवाले, यांवर आता पैसे टाकायला हवेत. नुसते मनोरे वाढवून भागणार नाही.

निवृत्त_शिफ्टवाला:
विक्रोळीकर, चावीवाल्याने पाणी वाढतं का हो? टाकी रिकामी असेल तर चावी फिरवून हवाच येणार.

मुंबईला १९८१ पासून आयलँडिंगची, म्हणजे विजेचं बेट बनण्याची सोय आहे. बाहेरचं ग्रिड कोसळलं की शहराने स्वतःला तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बे, डहाणूची औष्णिक केंद्रं, शिवाय खोपोली-भिवपुरी-भिऱ्याच्या पाण्याच्या विजेवर तगायचं. त्या दिवशी ते बेट तरलं नाही. आतली निर्मिती आणि आतला भार जुळला नाही की फ्रिक्वेन्सी घसरते, रिले (आपोआप चालणारे रक्षक) एकेका भागाचे फीडर तोडत जातात, तरी पुरलं नाही तर मशिनं स्वतःला वाचवायला बाहेर पडतात. तुमचं एकही यंत्र तिथे कामाला येत नाही. शहरात फिरतं मशिन हवं, बस्स.

ओहमचा_पुतण्या:
काका, निम्मं मान्य. पण 'एकही यंत्र नाही' हे जरा जास्तच झालं.

एसी लाइनवरून किती मेगावॉट जाणार हे तीन गोष्टी ठरवतात: दोन टोकांचे व्होल्टेज, लाइनचा रिअ‍ॅक्टन्स (म्हणजे एसी प्रवाहाला होणारा अडथळा) आणि दोन टोकांच्या व्होल्टेज-लहरींमधला कोन. त्यातलं काहीतरी हलवलं तरच प्रवाह हलतो. मालिकेत कपॅसिटर घातला की रिअ‍ॅक्टन्स घटतो. फेज शिफ्टिंग ट्रान्सफॉर्मर कोन सरकवतो. स्टॅटकॉम व्होल्टेज धरून ठेवतो. आपल्याकडे औरंगाबाद, सोलापूरला बसवलेत. एचव्हीडीसी मात्र कोनाला विचारतच नाही. कन्व्हर्टरला (एसीची डीसी आणि परत एसी करणाऱ्या यंत्राला) सांगा ७०० मेगावॉट, ७०० जाणार.

३० आणि ३१ जुलै २०१२ आठवा. बीना-ग्वाल्हेर लाइन पडली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्यही. दक्षिण ग्रिड मात्र उभं राहिलं, कारण तेव्हा ते बाकीच्या देशाला फक्त एचव्हीडीसीने जोडलेलं होतं. तिकडची पडझड इकडे वाहून आलीच नाही.

निवृत्त_शिफ्टवाला:
बाळा, चंद्रपूर-पडघा एचव्हीडीसी १९९९ पासून आहे. साडेसातशे किलोमीटर, १५०० मेगावॉट. मग २०२० साली तिने काय दिवे लावले? वीज पडघ्यापर्यंत आणून ठेवली, पण बाटलीचं तोंड तर पडघ्याच्या पुढे होतं!

आणि आणखी एक. बाजूची एसी लाइन पडली की उरलेल्या एसी लाइनी न सांगता भार उचलतात. एचव्हीडीसी दिलेल्या आकड्याला चिकटून बसते. तिला वरून सांगावं लागतं.

ओहमचा_पुतण्या:
सांगावं लागतं, पण फोन करून नाही हो. कंट्रोलमध्ये आधीच लिहून ठेवलं तर सेकंदाच्या अंशात आकडा चढतो. पडघ्याचा मुद्दा मात्र बिनतोड. म्हणूनच कुडूस (पालघर जिल्हा) ते आरे ही एचव्हीडीसी महत्त्वाची: १००० मेगावॉट, सुमारे ८० किलोमीटर, त्यातला मोठा भाग जमिनीखालून, आणि थेट शहराच्या पोटात. मुंबईत मनोऱ्यांना जागा कुठे आहे? आणि एसी केबल इतकी लांब टाकली तर तिची बरीच ताकद स्वतःला चार्ज करण्यातच जाते. शिवाय कुडूस-आरेच्या जातीचा कन्व्हर्टर बंद पडलेल्या शहराला शून्यातून व्होल्टेज देऊ शकतो. कुडूसची बाजू जिवंत हवी, एवढीच अट.

बिल_बघणारी:
माझं माहेर चंद्रपूर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर, अंगणातल्या दोरीवरचे कपडे संध्याकाळी झटकले की राखेची धूळ निघते. तिथेच तयार झालेली वीज डोक्यावरून मुंबईला जाते आणि आमच्याकडे दुपारी लाईट नसते. तुम्ही पंखा बंद पडला म्हणून इतक्या वर्षांनंतरही आठवणी काढताय.

आता पैशाचं. राज्यातल्या पारेषणाचा खर्च एकत्र करून सगळ्या वितरण कंपन्यांत भाराच्या प्रमाणात वाटतात. म्हणजे आऱ्याच्या कन्व्हर्टरचा हप्ता माझी आईसुद्धा भरणार. खारघर-विक्रोळी ही साधी ४०० केव्ही एसी लाइन २०२३ मध्ये सुरू झाली, तीही शहरात १००० मेगावॉट जास्त आणू शकते. मग महागडी खेळणी कशाला?

विक्रोळीकर:
ताई, टोला बसला. पण खर्च एकत्र असल्यामुळेच चंद्रपूरकडच्या लाइनींत मुंबईचाही पैसा आहे, आणि भार जास्त म्हणून वाटाही जास्त. खारघर-विक्रोळीचं म्हणाल तर ती व्हायला किती वर्षं गेली ते आम्ही विक्रोळीकरच जाणतो. तशा आणखी दोन लाइनींना जागा दाखवा, मी चावीवाल्याचा हट्ट सोडतो.

निवृत्त_शिफ्टवाला:
तुम्ही लोक कन्व्हर्टरवर भांडा. मी खाडीकाठच्या सबस्टेशनात रात्रपाळ्या काढल्यात. डिसेंबरात पहाटे दव पडलं की इन्सुलेटरवरचं मीठ ओलं होतं. सूं सूं आवाज, मग चकतीवरून चकतीवर निळी रेघ धावते. कॉन्ट्रॅक्टरचा धुण्याचा पंप आठ दिवस नादुरुस्त होता, नवव्या दिवशी पहाटे पावणेपाचला लाइन गेली. ब्रेकरचा तो धाडकन आवाज अजून कानात आहे. धुणं वेळेवर, एक सर्किट कामाला काढलं तर दुसऱ्यावर किती भार ठेवायचा याचा हिशेब आदल्या दिवशी, आणि तेव्हा ट्रॉम्बे-डहाणूला मशिनं चालू. हे केलं असतं तर २०२० झालंच नसतं, असं माझं मत.

ओहमचा_पुतण्या:
काका, तेव्हा मशिनं चालू ठेवायची म्हणजे बाहेरची स्वस्त वीज सोडून शहरातली महाग घ्यायची. त्याचं बिलही ताईंच्याच पुढ्यात येणार. कन्व्हर्टर हा त्याच विम्याचा दुसरा प्रकार.

बिल_बघणारी:
विमा म्हणताय तर घ्या, एक हप्ता मंजूर. पण एप्रिलात चंद्रपूरची लाईट गेली की मी याच धाग्यावर येऊन विचारणार, आमचा चावीवाला कुठे आहे?