बक्कल राजवाड्याला, चेन राऊला: तुमचेही अनुभव येऊ द्या

धागाकर्ता
गेल्या महिन्यात भाचीचा साखरपुडा झाला. नवा क्रीम शर्ट, तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून कापड घेऊन शिवलेली पँट, बेल्टही नवाच. मी आपला ऐटीत. रात्री घरच्या ग्रुपवर फोटो आले आणि आत्याने माझ्या फोटोखाली लिहिलं, "बक्कल राजवाड्याला, चेन राऊला, मधे तू कुठे उतरलास?" (आमच्या इंदुरात राजवाडा शहराच्या मधोमध, राऊ पार बाहेर.) मोठा करून पाहिलं. शर्टाची बटणं सरळ खाली येताहेत, बक्कल दोन बोटं उजवीकडे सरकलंय, आणि चेन तिसरीकडेच. घरून निघताना आरशात सगळं नीट होतं, शपथेवर सांगतो.

म्हणून हा धागा. इनशर्ट करणाऱ्यांनी, करून देणाऱ्यांनी, शिवणाऱ्यांनी लिहा. शर्टाची पट्टी, बक्कल आणि चेन एका रेघेत यायला हवीत, ती रेघ बिघडते कुठे?

जुना कॅडेट
बटणांची रांग बघू नका, शर्टाच्या बटणपट्टीची कड बघा. हे मला कॉलेजात एनसीसीच्या उस्तादजींनी शिकवलं. ते महूहून यायचे. (स्टेशनवर आता डॉ. आंबेडकर नगर अशी पाटी आहे, पण इंदुरात महूला महूच म्हणतात. १८१८ ची छावणी, तिथल्या माणसाला टर्नआउट, म्हणजे वर्दीचा नीटनेटकेपणा, काय शिकवायचा!) नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी एनसीसी दिवस असतो. त्याच्या आदल्या दिवशी तालीम होती. मी बक्कल ब्रासोने तासभर घासून आरसा केलेलं. उस्तादजी समोर आले, बक्कलाकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून किल्ली बांधलेला दोरा काढला आणि माझ्या कॉलरखाली पट्टीच्या कडेला धरला. ओळंबाच तो. किल्ली खाली येऊन बक्कलाच्या बरोब्बर मधोमध थांबली. मला वाटलं, जिंकलो. ते म्हणाले, "ग़लत. बीच में नहीं, किनारे पे."

मग समजावलं. पुरुषांच्या शर्टात डावी बाजू वर येते, त्यामुळे पट्टीची कड छातीच्या मध्यावर नसते, आपल्या उजव्या हाताला साधारण दीड सेंटीमीटर सरकलेली असते. वर्दीत या कडेखाली बक्कलाची उजवी कड यायला हवी आणि तिच्या खाली चेनवरच्या पट्टीची कड. तीन कडा, एक रेघ. अमेरिकी सैन्यात हिला गिग लाईन म्हणतात. त्यांच्या बोलीत गिग म्हणजे तपासणीत नावापुढे लागलेला शेरा. आमच्याकडे शेरा नव्हता, मैदानाला फेरी होती. मी तीन मारल्या.

ऑफिसच्या चामडी बेल्टाला मात्र हा नियम लावू नका. त्याची चौकट बटणांखाली मध्यावर आली की चांगली दिसते. धागाकर्त्याने कड आणि मध्य यांची खिचडी केली असावी.

सराफ्यातला निशाचर
पाकीट. उजव्या मागच्या खिशात सतरा कार्डं, लायसन्स, २०१९ पासूनच्या पावत्या. दुकानातून उठलो की पँट उजवीकडे ओढलेली, बक्कल तिच्यामागे. पाकीट पुढच्या खिशात टाकलं आणि भिया, दुसऱ्या दिवसापासून रेघ सरळ. कंबरही दुखायची थांबली, पण तो वेगळा धागा.

मास्टरची मुलगी
वडिलांचं मालवा मिलजवळ शिलाईचं दुकान होतं. मिला बंद पडल्यावर गिऱ्हाईक पातळ झालं, तरी ते शेवटपर्यंत ट्रायल घेतल्याशिवाय पँट देत नसत. मी काजं करायला बसायची, त्यामुळे हे सगळं कानावरून गेलेलं आहे.

पहिली गोष्ट लूप. पुढचे दोन लूप चेनपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर हवेत, आणि मागचा मधला लूप बैठकीच्या शिवणीवरच. घाईत शिवणारा कारागीर मागचा लूप अर्धा इंच इकडेतिकडे टाकतो. मागे कोण बघतंय? पण बेल्ट तिथे अडकतो आणि त्याचं उत्तर पुढे बक्कल देतं. वडील पँट हातात घेतली की आधी उलटी करायचे.

दुसरी गोष्ट पुढची जीभ. हल्ली कमरेच्या पट्टीला दोन इंच लांब जीभ ठेवून हूक लावतात. आतलं बटण लावलं नाही (आणि बहुतेक पुरुष लावत नाहीत, ते कशासाठी आहे हेच त्यांना माहीत नसतं) की सगळा ताण एका हुकावर येतो. चेनची वरची बाजू तिरपी होते.

तिसरी, ढगळ कंबर. गिऱ्हाईक म्हणतं, "मास्टर, बेल्टने आवळीन." आवळलं की चुण्या एकाच बाजूला गोळा होतात आणि चेन तिकडे जाते. बेल्ट कंबर लहान करत नाही हो, नुसती गोळा करतो.

आणि एक. माणसंच सरळ नसतात. एक खांदा खाली, एक कुल्हा वर. अशा गिऱ्हाइकाला वडील काही बोलायचे नाहीत. मापाच्या वहीत नावासमोर फक्त एक बाण काढायचे, खाली किंवा वर. धागाकर्ते, पँट उलटी करून मागचा लूप आधी बघा.

फ्रंट ऑफिस
विजयनगरमध्ये हॉटेलात रिसेप्शनला आहे. आम्हा मुलींच्या शर्टाची उजवी बाजू वर येते, म्हणजे कड डाव्या हाताला. युनिफॉर्मच्या पँटची चेन मात्र पुरुषी, कड उजव्या हाताला. वरच्या आणि खालच्या कडांचं या जन्मात जुळणार नाही. तरी सुपरवायझर रोज सकाळी बोट दाखवून म्हणतात, "मॅडम, लाईन." एकदा मी भावाचा पांढरा शर्ट घालून गेले. रेघ पट्टीने मारल्यासारखी आली. त्या दिवशी म्हणाले, "खांदे बसत नाहीत."

गॅलिसवाले काका
वय ६८, पोट पोह्या-जिलेबीचं. पोटाखाली बेल्ट बांधला तर शर्ट वर तंबूसारखा आणि खाली बक्कल दिसतच नाही. पोटावर बांधला तर श्वास नाही. शेवटी बेल्ट सोडला, गॅलिस (पँट धरणारे खांद्यावरचे पट्टे) लावले. बक्कलच नाही, मग रेघ कसली? नातवंडं हसतात. हसू देत.

सुई-दोरा
मास्टरची मुलगी यांनी काजांचा विषय काढला म्हणून. बऱ्याच शर्टांचं शेवटचं काज आडवं असतं, बाकीची उभी. आडव्या काजात बटणाला डावी-उजवीकडे जागा मिळते, बसता-उठताना ताण आला तरी ते सुटत नाही. ह्यांनी वीस वर्षं ते बटण लावलंच नाही, "आत जातं, कोण बघतं." त्यामुळे खालची पट्टी फाकून वरची रेघ तिरकी व्हायची. आता मी शर्ट हातात देतानाच खालचं बटण लावून देते. डोक्यातून घाला म्हणावं.

स्पष्टवक्ता
माफ करा, पण एवढं कोण बघतं? चाळीस अंशात बाहेर पडणाऱ्या माणसाने शर्ट सोडावा आणि मोकळं व्हावं.

जुना कॅडेट
सोडा की. पण खोचलात तर धड खोचा. दोन्ही बाजूच्या शिवणी चिमटीत धरा, जास्तीचं कापड मागे दुमडा, मग बेल्ट आवळा. पुढून खेचून खोचलं की पट्टी हमखास वाकडी होते.

बेल्ट ३६
पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला वडिलांचा बेल्ट घालून गेलो होतो. शेपूट डाव्या कुशीपर्यंत. घराजवळच्या मोच्याने खिळ्याने भोक पाडून दिलं, पण ते रांगेच्या जरा वर पडलं. त्या भोकात काटा अडकवला की बक्कल मान वाकडी करायचं. टेबलापलीकडचे साहेब पूर्णवेळ तिथेच बघत होते, मी हात पोटावर धरून उत्तरं देत होतो. नोकरी लागली, कशी ते माहीत नाही. बेल्टावरचा आकडा बक्कलापासून मधल्या भोकापर्यंतचा असतो, पाचातल्या तिसऱ्या. कंबर ३४ असेल तर ३६ घ्या, एवढं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

धागाकर्ता
पँट उलटी केली. मागचा लूप शिवणीपासून पाऊण इंच डावीकडे! शिवणाऱ्याचं नाव सांगत नाही, त्याने काल निमूटपणे काढून परत लावून दिला. आतलं बटण आयुष्यात पहिल्यांदा लावलं. पाकीट टेबलावर ठेवलं, शर्टाचं शेवटचं बटणही लावलं. बायकोला फोटो काढायला सांगितला आणि आत्याला पाठवला.

उत्तर आलंय: "खिशाचं झाकण अर्धं आत गेलंय."