मदत हवी आहे : मुलगा सव्वादोन वर्षांचा, फार कमी बोलतो, घरात मराठी आणि कन्नड

नमस्कार. मी सांगलीत राहते, विश्रामबागच्या बाजूला. मुलगा मागच्या आठवड्यात सव्वादोन वर्षांचा झाला. त्याला समजतं सगळं. 'बाबांची चप्पल आण' म्हटलं की आणतो, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे बोट दाखवतो, हाक मारली की वळून बघतो, हसतो. पण बोलणं फारच थोडं. आई, बाबासाठी नुसतं 'बा', दे, नको, कुत्र्याला 'भू', रिक्षाला 'पॉम्'. असे मोजून सात-आठ शब्द. दोन शब्द जोडून अजून एकदाही बोललेला नाही. काही हवं असेल तर माझं बोट धरून तिथपर्यंत ओढत नेतो.

मी आणि नवरा त्याच्याशी मराठी बोलतो. सासूबाई जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावातल्या, त्यांच्या माहेरी कन्नडच. मी सकाळी नऊला नोकरीला जाते ती सहाला येते, तोवर बाळ त्यांच्याजवळ असतं आणि त्या त्याच्याशी कन्नडमध्येच बोलतात. जूनपासून प्लेग्रुपला घातलंय. तिथल्या बाई म्हणाल्या, मूल गोंधळतंय, घरात एकच भाषा ठेवा, जमलं तर इंग्रजीच सुरू करा.

त्या रात्री मी सासूबाईंना सांगितलं की आता कन्नड नको. त्यांनी मान डोलावली, एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचे दोन दिवस सुट्टी होती म्हणून मी घरीच होते. एरवी त्याला मांडीवर घेऊन तळहातावर बोट फिरवत काखेपर्यंत नेऊन गुदगुल्या करायचा त्यांचा खेळ असतो, त्याचे बोल कन्नड. त्या दोन दिवसांत त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि बोट फिरवलं, पण तोंडातून काहीच नाही. तो त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. ते बघून माझ्या पोटात तुटलं. मी बरोबर केलं की चूक, हे मला खरंच कळत नाहीये.

बाकी सल्ल्यांचा पाऊस चालू आहे. शेजारच्या मावशी म्हणतात वेखंड मधात उगाळून जिभेला लाव. नणंद म्हणते जिभेखालची शीर कापून घे. सासरे म्हणतात याचा बाप तर चार वर्षांनी बोलला. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपर्यंत थांबू म्हटलंय.

माझे प्रश्न : थांबावं का? कन्नड खरंच बंद करावं का? आणि पुस्तकांचं काय करू? चार-पाच आणलीत, पण मी वाचायला लागले की तो मांडीवरून उठतो, नाहीतर भराभर पानं उलटतो. जेवताना मोबाइल लागतो हेही कबूल करते, दिवसाचे दोनेक तास तरी होतात.

प्रतिसाद १
ताई, मी साताऱ्याची. थांबू नका, आधी कान तपासून घ्या. माझी लेकसुद्धा हाक मारली की बघायची, म्हणून मी निर्धास्त होते. तिला सारखी सर्दी असायची आणि पडद्यामागे पाणी साठलेलं होतं. ऐकू येत होतं, पण आपण विहिरीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं जसं ऐकू येतं तसं. भांडं पडलं तर कळायचं, 'स' आणि 'श' कुठून कळणार? लहान मुलांची ऐकण्याची तपासणी, म्हणजे बेरा टेस्ट, झोपेत करतात, दुखत-खुपत काही नाही. आदल्या रात्री उशिरा झोपवा म्हणजे तिथे गेल्यावर झोपेल.

खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2013 पासून. त्यांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येते, त्यात ऐकणं-बोलणंही बघतात आणि गरज पडली तर पुढे पाठवतात. प्लेग्रुपला जात असला तरी जवळच्या अंगणवाडी सेविकेला भेटा, टीम कधी येणार ते त्या सांगतील. सिव्हिलमध्येही विचारा, जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. आम्हाला त्याचाच उपयोग झाला.

प्रतिसाद २
मी स्पीच थेरपिस्ट आहे. मुलाला न बघता निदान कुणीच करू शकत नाही, मीही करणार नाही. पण एवढं नक्की सांगते. दोन वर्षांच्या सुमारास साधारण पन्नास शब्द आणि 'आई ये', 'पाणी दे' अशी जोडी अपेक्षित असते. ती नसेल तर तपासणी करून घ्यावी, तीन वर्षांची वाट बघू नये. काही मुलं आपली आपण गाडी पकडतात, पण कोणतं पकडेल आणि कोणतं नाही हे आधी कळत नाही. तो बोट दाखवतो, सांगितलेलं समजतं, नजर देतो, ही चांगली लक्षणं आहेत.

कन्नड बंद करू नका. आजच आजींना सांगा की माझी चूक झाली, बोला त्याच्याशी. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. खरी अडचण असली तर ती दोन्ही भाषांत दिसते, आणि एक भाषा काढून घेतल्याने ती जात नाही. उलट दिवसभर सांभाळणारं माणूसच मुकं झालं तर मुलाच्या कानावर पडणार काय? आजीला जी भाषा सहज येते, जिच्यात ती रागावते, लाडात येते, तीच त्याला हवी. आणि शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजा.

वेखंड लावू नका, त्याने बोलणं येत नाही. जिभेखालची शीर फार आखूड असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, पण शब्दच येत नाहीत याचं कारण ती नसते. मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. सुरुवात जेवणापासून करा. पहिले चार दिवस तो कमी जेवेल, रडेल, पण ते निभतं.

आता खेळ. आपण सगळेच पालक दिवसभर 'हे काय? म्हण बघू' करतो. ती परीक्षा झाली. ते सोडा. तो जे बघतोय त्याबद्दल तुम्हीच एखादं वाक्य बोला आणि मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. पहिल्यांदा हे दहा आकडे फार लांब वाटतात. तो 'पॉम्' म्हणाला तर 'रिक्षा म्हण' असं करू नका. 'हो, रिक्षा आली!' एवढंच. त्याच्या एका शब्दात एक शब्द घालायचा. लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबाच त्याच्या हातात द्या, म्हणजे तुमच्याकडे यायला त्याला कारण मिळेल. आजींचा गुदगुल्यांचा खेळ तर सोन्यासारखा आहे. बोट कोपरापर्यंत न्यायचं आणि थांबायचं. पुढचं तो मागेल, आवाजाने, डोळ्यांनी, कशानेही.

पुस्तक वाचू नका, बघा. त्याने पान उलटलं तर उलटू द्या, जिथे थांबेल तिथे तुम्ही थांबा. एकाच पानावर दोन मिनिटं गेली तरी वाचन झालं. उभ्याने झालं तरी चालतं. घरातल्या माणसांचे फोटो चिकटवलेली वही या वयाला छापील पुस्तकापेक्षा जास्त चालते, हा माझा अनुभव.

धागाकर्ती, तीन आठवड्यांनंतर
सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेला जाऊन बेरा करून आणली, ऐकू व्यवस्थित येतंय. सासूबाईंची त्याच रात्री माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'अगं, मला वाटलं माझ्यामुळंच पोराचं नुकसान होतंय.' दोन दिवस त्या काय मनात घेऊन बसल्या होत्या, ते तेव्हा कळलं.

मग आम्ही दोघी जेवणानंतर वही घेऊन बसलो आणि त्याच्या शब्दांची यादी केली. मी माझे सांगितले, त्यांनी त्यांचे. पाण्याला 'नी', दुधाला 'हा', पुरे झालं की 'साकु', आजीला 'अज्जी'. तेवीस झाले! आणि त्यांनी लिहायला सांगितलं, 'बा'. मी म्हटलं, ते लिहिलंय की, बाबा. तर म्हणाल्या, नाही गं, 'बा' म्हणजे 'ये'. दारात उभा राहून तुला म्हणतो ना संध्याकाळी.

'बा' म्हणजे 'ये' हे मलाही ठाऊक आहे, इतकी वर्षं या घरात आहे मी. पण त्याच्या तोंडून ते तसं ऐकायचं मला सुचलंच नाही. रोज सहाला मी जिना चढून येते, तो जाळीच्या दारामागे दोन्ही हात पुढे करून 'बा, बा' म्हणतो, आणि मी रोज त्याला सांगत होते, 'बाबा नाही रे, आई. आई म्हण.'

परवा त्याने 'बा' म्हटलं तेव्हा मी 'आले आले, आई आली' म्हणाले आणि खाली बसून थांबले. माझ्या पर्सकडे बघत, माझ्या गळ्यात हात टाकत म्हणाला, 'आई बा.' सासूबाई आतून धावत आल्या.

तेवीस म्हणजे पन्नास नव्हेत, हे कळतंय. पुढच्या गुरुवारी थेरपिस्टकडे तपासणी आहे. ही यादी सोबत नेऊ ना? आणि सासूबाईंनाही आत नेलं तर चालतं का, की एकाच पालकाला घेतात?