उल्कापाषाणांवर संशोधन करायचं तर जिओलॉजीतून रस्ता आहे का?

मनीची_आई
नमस्कार मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जिओलॉजी घेतलंय. २०१२ च्या मे महिन्यात काटोलला भरदुपारी उल्का पडल्या तेव्हा आम्ही तिकडेच राहायचो, ती एवढीशी होती पण तो आवाज तिच्या डोक्यात बसला तो बसलाच. आता म्हणते पीएचडी करीन तर उल्कापाषाणांवरच. घरात सगळ्यांचं म्हणणं की जिओलॉजीवाल्यांनी खाणीत जावं नाहीतर पाणी शोधावं, आकाशातले दगड हे खगोलशास्त्रवाल्यांचं काम. सासूबाई म्हणतात मुलीच्या जातीला हे रानोमाळ भटकणं कसं जमायचं. मी बँकेत नोकरी करते, मला यातलं काही कळत नाही, पण पोरगी मनापासून बोलतेय हे दिसतं. असं करिअर खरंच असतं का?

काळा_कातळ
ताई, असतं. माझी पीएचडी आपल्या बेसॉल्टवर (सह्याद्रीचा काळा कातळ) आहे, उल्कांवर नाही, तरी सांगतो. दगड आकाशात जळताना दिसतो तोवर तो खगोलशास्त्राचा, जमिनीवर पडला की तो खडक, आणि खडक वाचायचं काम आमचं.

एमएस्सीला असताना आमच्या सरांनी एकदा कपाटातून एका उल्कापाषाणाचं थिन सेक्शन काढून दिलं. थिन सेक्शन म्हणजे दगडाची चकती काचेवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत घासायची, मग तिच्यातून उजेड आरपार जातो. ते मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि बघतच राहिलो, कारण रोजच्या बेसॉल्टमध्ये लांबट स्फटिकांची जाळी दिसते आणि इथे राजगिऱ्यासारखे गोल गोल दाणे, एकात तर ऑलिव्हिन नावाच्या खनिजाच्या समांतर पट्ट्या, कुणी फणी ठेवल्यासारख्या, आणि स्टेज फिरवलं की त्या सगळ्या एकदम विझायच्या नि परत पेटायच्या. त्या गोल दाण्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्याभोवतीची धूळ वितळून थेंब झाले आणि ते झटकन गोठले, साधारण ४५६ कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा पृथ्वी पुरती घडलीही नव्हती. त्या दिवशी मी जेवायला गेलोच नाही.

म्हणून मनीला सांगा, आत्ता उल्कांच्या मागे न लागता ऑप्टिकल मिनरॉलॉजी (मायक्रोस्कोपखाली खनिजं ओळखणं) आणि इग्नियस पेट्रोलॉजी (वितळून गोठलेल्या खडकांचा अभ्यास) पक्कं कर. पृथ्वीवरचे शंभर खडक नीट पाहिलेल्यालाच एकशे एकावा वेगळा आहे हे कळतं.

वैदेही_म
सासूबाईंना उल्कापाषाणांवर काम करणाऱ्या उर्सुला मार्विनची गोष्ट सांगा. जन्म १९२१, अमेरिकेतली. कॉलेजात इतिहास घेतला होता, सायन्सचा एक विषय सक्तीचा म्हणून जिओलॉजीच्या वर्गात बसली आणि त्यातच रमली. विषय बदलून मागितला तर प्रोफेसर म्हणाले स्वयंपाक शीक. तिने १९४३ ला इतिहासाची डिग्री पूर्ण केली आणि मग हार्वर्डकडून जिओलॉजीत एमए. त्यानंतर काही वर्षं नवऱ्याबरोबर ब्राझील, अंगोला इथे खनिजं शोधत हिंडली (म्हणजे रानोमाळच!), परत येऊन थोडं शिकवलं आणि १९६१ मध्ये स्मिथसोनियनच्या वेधशाळेत उल्कापाषाणांच्या खनिजांवर काम सुरू केलं. पीएचडी मिळाली १९६९ मध्ये, वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस.

त्याच वर्षी अपोलो ११ ने चंद्रावरची माती आणली. मार्विन ज्या गटात होती त्या गटाला त्या काळ्या मातीत पांढरट खडकाचे बारीक कण दिसले, अ‍ॅनॉर्थोसाइट नावाच्या हलक्या खडकाचे, आणि त्या एवढ्याशा कणांवरून त्यांनी मांडलं की चंद्राचा वरचा थर एकेकाळी वितळलेला असणार आणि हलकी खनिजं तरंगून वर आली असणार. पुढे पन्नाशी उलटल्यावर ती अंटार्क्टिकाला उल्कापाषाण शोधायला गेली. तिथे बर्फ वाहत येऊन डोंगराला अडतो, वाऱ्याने झिजत जातो आणि आत गाडलेले दगड निळ्या बर्फावर उघडे पडतात. १९८१-८२ च्या मोसमात ती ज्या मोहिमेत होती त्या मोहिमेतल्या सोबत्यांना ३१ ग्रॅमचा एक दगड मिळाला आणि तो चंद्रावरून आलेला पहिला ओळखला गेलेला उल्कापाषाण ठरला. पटकन ओळखता आला कारण तोवर अपोलोचे खडक लोकांच्या डोळ्यांत बसले होते. काळा_कातळ म्हणतात तेच.

पूर्वीचा_नागपूरकर
काटोलचा विषय निघालाय म्हणून. तो दगड एल६ प्रकारचा, तसा सामान्य कॉन्ड्राइट, म्हणजे कॉन्ड्रूलवाल्या उल्कापाषाणांतला नेहमीचा. पण आयआयटी खरगपूरच्या लोकांनी २०२१ मध्ये त्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज दाखवलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात, ६६० किलोमीटरच्या खाली, सगळ्यात जास्त आहे पण तिथून वर येईपर्यंत टिकत नाही, त्यामुळे हातात मिळणं मुश्कील. अवकाशात दोन गोटे आदळले, तेवढा दाब क्षणभर आला, ते तयार झालं आणि पडलं आपल्या संत्र्यांच्या गावात. मनीला हा पेपर वाचायला द्या, सगळा नाही कळला तरी फोटो बघेल.

रस्ता म्हणाल तर आयआयटी-जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग नेट किंवा गेट परीक्षा, मग अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेत किंवा खरगपूरला पीएचडी. यूपीएससीची जिओसायंटिस्टची परीक्षा देऊन जीएसआयलाही (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) जाता येतं, देशातले उल्कापाषाण कोलकात्याला त्यांच्याच ताब्यात असतात. जागा थोड्या आहेत हे मात्र तिला आधीच सांगा, लपवू नका. पण मायक्रोप्रोब, मास स्पेक्ट्रोमीटर ही दगडात काय काय आहे ते मोजणारी यंत्रं हाताळायला शिकली तर ते शिक्षण कुठल्याही खडकाला लागू पडतं.

मनीची_आई
सगळ्यांचे खूप आभार. रात्री मार्विनबाईंचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या बराच वेळ गप्प होत्या मग म्हणाल्या, मलाही चौथीनंतर स्वयंपाकच शिकवला. मनी बाजूलाच बसली होती. तिची ऑप्टिकल मिनरॉलॉजी याच सेमिस्टरला आहे, पण कॉलेजात वीस जणांत दोनच मायक्रोस्कोप चालू आहेत म्हणते. सुट्टीच्या दिवशी लॅब उघडून द्यायची विनंती करायची तर अर्ज एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) नावाने द्यायचा की प्रिन्सिपलच्या?

काळा_कातळ
एचओडींच्या. आणि चार-पाच जणांनी मिळून सह्या करून द्या.